गोदाक्कांचा समुद्र सांभाळताना

विद्युलता मूळची मालवणची. आजवर तिने सोललेल्या कोळंब्या कोणी मोजल्या नाहीत, पण त्यातल्या एकीसाठीही तिने कधी डोळे पुसले नव्हते. आज मात्र चहाच्या गाळणीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी निपचित पडली होती आणि विद्युलता ओढणीने नाक पुसत उभी होती.

आधी तिला वाटलं, कात टाकली असेल. कोळंबी मधूनमधून अंगावरचं कवच जसंच्या तसं सोडून देते, ते बघून घाबरायचं नाही, असं गोदाक्कांनी जाताना बजावलं होतं. पण कवच आरपार दिसतं. हिच्यातून पलीकडचं काही दिसत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी बँकेने उमाकांतची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, चेन्नईला बदली केली आणि शोळिंगनल्लूरच्या या बिल्डिंगमध्ये तिचं बिऱ्हाड आलं. समोरच्या दारात गोदाक्का. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, वय अडुसष्ट, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. दोघींची मराठी एकच, फक्त मध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर. गोदाक्का ‘मला’च्या जागी ‘मज’ म्हणत आणि वाक्याचा शेवट तमिळ सुरात वर नेऊन सोडत. पहिले सहा महिने विद्युलताला त्यांचं प्रत्येक बोलणं प्रश्नच वाटे आणि ती आपली उत्तरं देत सुटे. तिथून मैत्री झाली. या शहरात तिची तेवढी एकच.

गोदाक्कांच्या हॉलमध्ये दोन फुटांची काचेची टाकी होती. आत खारं पाणी, खडक, केशरी माशांची जोडी, ती कोळंबी, तीन गोगलगायी आणि खडकाला धरून वाढलेले मऊ प्रवाळ. हिरवी, जांभळी, शर्टाच्या बटणाएवढी फुलं. फुलं कसली, ते जीवच, पण उजेड लागला की पाकळ्या उघडत आणि मनाविरुद्ध काही झालं की मिटून बसत. जन्माच्या शाकाहारी गोदाक्का माशांसाठी बर्फातली कोळंबी बारीक कापत तेव्हा विद्युलता मुद्दाम विचारायची, फोडणी देऊ का.

गेल्या महिन्यात गोदाक्का गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे बंगळूरला गेल्या. मुरली मुलगा चांगला, पण त्याने मनाशी ठरवलंच होतं की अम्माने आता तिकडेच राहायचं. टाकीमुळे अडलं होतं. पाण्यात जीव आहेत, सोडून कशी राहू, एवढंच गोदाक्का म्हणत. परवा त्याने विद्युलताला वेगळा फोन केला. आँटी, टाकीचं काही बरंवाईट झालं तर वाईट वाटून घेऊ नका, एका परीने सगळ्यांचं सोपंच होईल, असं तो फार नम्रपणे म्हणाला.

त्यामुळे गाळणीतली कोळंबी ही नुसती कोळंबी नव्हती. टाकी गेली तर गोदाक्काही गेल्या.

आणि टाकी चालली होती. दोन गोगलगायी वाळूत उलट्या पडून संपल्या होत्या. बटणंही मिटून बसलेली. मासे मात्र टुणटुणीत, तिला पाहिलं की काचेला नाक लावत. काय चुकतंय ते तिला कळेना. तिने कशातही कसूर केली नव्हती. वाफ होऊन पाणी उतरलं की पट्टीच्या खुणेपर्यंत आर.ओ.चं गोडं पाणी घालायचं, असं गोदाक्कांनी लिहून ठेवलं होतं. ती रोज घालत होती. त्यांच्या प्लॅस्टिकच्या कॅनला जरा वास येतो असं वाटून तिने आपल्या घरची तांब्याची कळशी आणली होती. चिंचेने लखलखीत घासून, रात्रभर पाणी भरून ठेवून सकाळी ओतायची. तिच्या माहेरी पाहुण्याला पाणी कळशीतलंच देत.

रोज चार वाजता गोदाक्कांचा व्हिडिओ कॉल यायचा. चार दिवस विद्युलताने फोन असा धरला की फक्त मासे दिसावेत. मासेही गुणी, बरोबर पुढे येत. कोळत्तूरला शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने फोनवर सुचवलं, तशीच दुसरी कोळंबी सोडा, ओळखायलासुद्धा येणार नाही. ती संध्याकाळी पर्स उचलून दारापर्यंत गेलीही. मग चपला काढून परत आली. कोळंबी बदलता आली असती, पण मिटलेली बटणं कुठून बदलून आणणार होती? आणि गोदाक्कांसमोर बसून पुढे दहा वर्षं चहा कसा प्यायचा?

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने फोन सरळ खडकासमोर धरला. कोळंबी गेली, दोन गोगलगायी गेल्या, मी चार दिवस लपवलं, असं एका दमात सांगून टाकलं. गोदाक्कांच्या मागे मुरली उभा होता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर गोदाक्कांनी न बघताच हात वर केला.

“मासे खातात कां?”

“दोन्ही वेळा.”

“मासे बरे, आणि बिनकण्याचे तेवढे मरतात. पाणी कशात भरतीस?”

विद्युलताने कळशी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. तिच्या मनात अजूनही थोडा अभिमान होता, तो गोदाक्कांचा चेहरा पाहून गळाला.

तांबं पाण्यात उतरतं, माणसाला त्याचं काही नाही, पण कोळंबीला, गोगलगायीला, प्रवाळाला ते विष, हे त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. शेवटी जरा कोरड्या आवाजात म्हणाल्या, की चाळीस वर्षं हेच शिकवलं आणि कागदावर एक ओळ लिहायची ती मीच विसरले. पण तांब्याच्या कळशीतून कोणी समुद्राला पाणी पाजेल, हे मज सुचायचं तरी कसं.

मग हुकूम सुटले. कळशी घरी. प्लॅस्टिकच्या बादलीत आर.ओ.चं पाणी, त्यात ओट्याखालच्या पिशवीतलं समुद्री मीठ, मोजून. दिवसाआड टाकीतलं एक तृतीयांश पाणी बदलायचं. फिल्टरमध्ये कोळशाची पुरचुंडी, आणि दुकानातून तांबं शोषणारी चकती. उमाकांतने मधे सुचवून पाहिलं की इथला कोवलमचा किनारा काही लांब नाही, गाडीतून दोन कॅन समुद्रच आणू. तिकडे बोटींचं डिझेल असतं, असं गोदाक्कांनी फोनवरूनच फटकारलं. ज्या माणसाने घरात कधी बादली उचलली नव्हती, तो मग दोन आठवडे ऑफिसातून आला की शर्टाच्या बाह्या दुमडून पाणी उपसत राहिला. बँकेत कोणी विचारलं तर प्रवाळांचं काम आहे म्हणून सांगायचा. त्याचा भाव वाढला.

आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी उरलेली गोगलगाय काचेवर वीतभर चढलेली दिसली. बाराव्या दिवशी दुपारी खडकाच्या कडेचं एक हिरवं बटण अर्धवट उघडलं, एका बाजूची पाकळी अजून मुडपलेली. विद्युलता खुर्ची ओढून तासभर तिथेच बसली. तासाभरात आणखी तीन.

चार वाजता तिने ते दाखवलं. मुरलीने शांतपणे आपला मुद्दा मांडला. अम्मा, आँटींनी इतकं जिवापाड सांभाळूनही अर्धी टाकी गेली. तू एकटी, त्यात हा गुडघा. आता तरी ऐक.

गोदाक्का हिरव्या बटणांकडेच बघत होत्या.

“इथं मी काय विचारलं तरी तुम्ही सगळे ‘सगळं बरं आहे’ म्हणून सांगतां,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरसुद्धा. तिथं समोरच्या दारात एक आहे, ती आपलं चुकलं तरी मज सांगती. मज तिथं राहायचंय, मुरली.”

पडद्यावर थोडा वेळ नुसतं छत दिसलं, मुरलीने फोन खाली ठेवला असावा. विद्युलताला वाटलं, कॉल तुटला. मग त्याचा चेहरा परत आला, जरा ओशाळलेला.

आँटी, तुमच्याकडच्या लिफ्टमध्ये वॉकर मावेल का, असं त्याने विचारलं. आडवा नाही, उभा धरून, आणि शेजारी एक माणूस.

बघते म्हणाली ती. शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन तशीच बाहेर पडली. संध्याकाळच्या पाळीसाठी सिरुसेरीच्या आयटी पार्कला निघालेली तीन पोरं लिफ्टपाशी गळ्यात ऑफिसची कार्डं अडकवून उभी होती. चाळिशी उलटलेली एक बाई लिफ्टमध्ये गुडघे टेकून दारापासून मागच्या भिंतीपर्यंत टेप लावतेय, हे बघून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या एकाने दार बंद होऊ नये म्हणून पाय आडवा घातला. विद्युलताने दोनदा मापून घेतलं आणि आकडा तळहातावर पेनने लिहिला.