साक्षीदाराची सही

मंडळीच्या कचेरीत मी एकवीस वर्षं कारकुनी केली. उपासनेच्या पत्रिका छापायच्या, बाप्तिस्म्याचे दाखले लिहायचे, पाळकसाहेबांच्या टेबलावरच्या फुलदाणीचं पाणी बदलायचं, ही माझी कामं. आणि करारांवर साक्षीदार म्हणून सही करायची. हे शेवटचं कुणी कधी नेमून दिलं नव्हतं, पण बोलावणं आलं की जायचं, खुर्ची ओढायची आणि पेनाचं टोपण काढायचं. माझं अक्षर सुरेख आहे. त्याचं कौतुक व्हायचं आणि मीही मूर्खासारखी फुलून जायचे.

असे करार चार झाले. चौघी क्वायरमध्ये गाणाऱ्या, विशी-पंचविशीतल्या, आणि चौघींची तक्रार क्वायरच्या मास्तरांविरुद्ध. मास्तर म्हणजे सगळ्या मंडळीचे लाडके. सराव संपला की एखादीला थांबवून घ्यायचे, आवाज सुधारून देतो म्हणून. मग दार बंद, आणि हात नको तिथे. कागदावर मात्र यातलं अवाक्षर नसायचं. तिथे असायचं, 'उभयपक्षी झालेला गैरसमज'. खरी गोम त्याच्या खाली होती. मुलीने ही गोष्ट नवऱ्याला, डॉक्टरला, दुसऱ्या कुठल्या पाळकालाही सांगायची नाही, कधीही नाही. मीच टाइप करायचे, त्यामुळे मला ते पाठ आहे. सही झाली की पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि मुलगी मागच्या दाराने निघून जायची. पुढच्या रविवारी तिची जागा रिकामी असायची. मास्तर आपले जागच्या जागी.

पहिल्या वेळी मी जिन्यात पाळकसाहेबांना म्हणाले होते, "साहेब, त्या पोरीचे हात कापत होते हो."

ते थांबले. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, कागदावर तुमचीही सही आहे. आता तुमच्याही तोंडाला कुलूप."

मी ते खरं मानलं. शिकलेली बाई मी, रोज ढीगभर कागद वाचणारी, पण सही म्हणजे सही एवढंच डोक्यात बसलं. घरी नवऱ्यालाही ताकास तूर लागू दिली नाही. माझी चिडचिड गुडघ्यांमुळे होते असं समजूनच तो बिचारा गेला.

श्वास ऐकू यायला लागला तो दुसऱ्या करारानंतर. शनिवारी दुपारी मी रिकाम्या चर्चमध्ये क्वायरच्या बाकांवर गीतपुस्तकं मांडायचे. पहिली मुलगी गायच्या आधी इतका मोठा श्वास घ्यायची की अख्खी रांग हसायची. तोच श्वास माझ्या पाठीमागे, तिच्या जागेवरून आला. छाती भरून घेतलेला. आणि पुढे काही नाही. मी पुस्तकं पोटाशी धरून उभी, आता गाणं येईल, आता येईल. आलं नाही. पुढे चौथ्या करारापर्यंत चार श्वास झाले, एकामागून एक, प्रत्येक आपापल्या जागेवरून. मी पंखे बंद करून पाहिले. ऑर्गनचा भाता तपासायला लावला. कान दाखवून आले, तर डॉक्टर म्हणाले, कान अगदी तरुण आहेत तुमचे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि या चौघी तर हयात आहेत. एक मला बाजारात दिसते आणि मला पाहून रस्ता ओलांडते. जिवंत बायका अशा कशा येतात, हे विचारायचं तरी कुणाला? मला शनिवारची भीती वाटू लागली, हे मात्र कबूल करते.

मग त्या गुरुवारी धर्मप्रांताच्या मुख्य कचेरीतून परिपत्रक आलं. येत्या सोमवारपासून कुठल्याही मंडळीने तक्रार करणाऱ्या व्यक्तीकडून गुप्ततेचा करार लिहून घ्यायचा नाही. आधी झालेल्या करारांचं काय करायचं ते पुढच्या वर्षीच्या सभेत ठरेल. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. अशा करारांवर ज्यांनी केवळ साक्षीदार म्हणून सही केली आहे, त्यांच्यावर मौनाचं कोणतंही बंधन नाही आणि कधीही नव्हतं.

ती ओळ मी तीनदा वाचली. मग समोरच्या फाइलींच्या गठ्ठ्यावरच बसले. इतकी वर्षं तोंडाला कुलूप नव्हतंच. एका माणसाने जिन्यात एक वाक्य टाकलं आणि मी मूग गिळून बसले. मी बोलले असते तर पुढच्या तिघी तरी वाचल्या असत्या. मला स्वतःची शिसारी आली.

परिपत्रक पाळकसाहेबांकडे नेलं. त्यांनी वाचलं आणि नीट घडी घालून आपल्या खणात ठेवलं. "सोमवारी लावा फळ्यावर, घाई नाही," ते म्हणाले. "आणि उद्या तीन वाजता थांबा. जुनाच मसुदा काढा, नाव आणि तारीख तेवढी बदला."

म्हणजे पाचवी होती, आणि सोमवारच्या आत तिला बांधून टाकायची होती. मी मसुदा काढला. टाइपही केला. तेवढं धैर्य अजून आलं नव्हतं.

शुक्रवारी तीनला ती आली. रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवणारी, वर्षभरापूर्वी क्वायरमध्ये आलेली. मला मावशी म्हणायची. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, थोडं पाणी द्याल?" आणि ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यायली. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत, भिंतीला पाठ लावून बसले. पाळकसाहेब मऊ आवाजात सांगत होते, यात सगळ्यांचंच भलं आहे, मंडळीची अब्रू आहे, तुझ्याही पुढच्या आयुष्याचा प्रश्न आहे. ती मान हलवत होती. शेवटी तिने पेन उचललं, कागदावर वाकली आणि श्वास घेतला.

माझ्या पाठीमागेही श्वास घेतले गेले. चार. मागे नुसती भिंत होती.

"सही करू नकोस," मी म्हणाले.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "बाई, भान आहे ना? तुमची सही आहे कागदांवर."

"साक्षीची आहे, साहेब. मी पाहिलं, एवढंच लिहून दिलंय मी. आणि मी पाहिलंय." मग मी तिच्याकडे वळले, कारण त्यांच्याशी बोलत राहिले असते तर पुन्हा भ्याले असते. "सोमवारपासून हा कागद घ्यायला बंदी आहे. वरून पत्र आलंय, यांच्या खणात आहे. आज सही केलीस तर अडकशील."

तिने पेन खाली ठेवलं. पाळकसाहेब काहीतरी म्हणाले. तिने तिकडे पाहिलंही नाही.

"माझ्याआधी कुणी होतं?"

"चौघी होत्या."

"आणि त्या चारही वेळा तुम्ही इथे होतात?"

"याच खुर्चीत."

मला वाटलं होतं, ती रडेल, निदान माझा हात तरी धरेल. मनात कुठेतरी आभाराची आशाही असावी, माणूस इतकं निलाजरं असतं. ती उठली, तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला, आणि दारापाशी जाऊन माझ्यासाठी थांबली. मावशी म्हणाली नाही.

"चला. मी आत्ताच पोलिसांत तक्रार द्यायला जाते आहे. तुम्ही बरोबर या, आणि हे सगळं जसंच्या तसं सांगा."

मी उठले. गुडघे खरंच दुखत होते. "त्यात माझंही नाव येईल," मी म्हणाले.

"सगळ्यात आधी तुमचंच सांगा," ती म्हणाली.