हात्सुला जगायचं होतं

ओकिनावाच्या दक्षिण टोकाच्या त्या गावात लढाईच्या गोष्टीवर निम्म्या घरांच्या चुली पेटायच्या. दुसऱ्या महायुद्धात बेटावर अमेरिकी फौज उतरली तेव्हा गावकरी आणि जपानी सैनिक एका गुहेत लपले होते. ती बघायला शाळांच्या बसगाड्या येत. मुलांना गुहा दाखवायचं काम साचियोचं. तिची मावशी हात्सु, सतरा वर्षांची पोर, शरण न जाता ओठांवर गाणं घेऊन हसत मेली, हे सांगताना साचियो मध्येच क्षणभर थांबे. मुलं मुसमुसत.

ते गाणं साचियोनंच घातलं होतं. एकदा मुलं पेंगत होती म्हणून. पुढे गाण्याशिवायची गोष्ट कुणाला चालेना. यंदा तर गावप्रमुखांनी ती शिळेवर कोरून घेतली.

साचियोची आई कामे त्याच गुहेतून जिवंत बाहेर आलेली, पण त्याबद्दल जन्मात चकार शब्द बोलली नव्हती. आता तिला विसर पडू लागला होता. सगळंच पुसून जाण्याआधी तिच्या तोंडून ऐकावं, म्हणून साचियो एका दुपारी तिच्यापाशी बसली.

"आई, हात्सुमावशी कशी गेली गं?"

कामेचा चेहरा उजळला. "ओठांवर गाणं होतं, आणि डोळ्यांत..." ती थांबली. साचियो थांबते, नेमकी तिथेच. "डोळ्यांत समुद्र."

वाक्य साचियोचंच होतं.

"आई, ते मी सांगते. तू काय पाहिलंस?"

"हेच की. किती गोड गायची."

साचियोनं पुन्हा पुन्हा विचारलं, हात्सुचा फोटो दाखवला. काही उपयोग झाला नाही. आत होतं ते गेलं होतं, आणि त्या जागी साचियोची गोष्ट येऊन बसली होती.

गुहेतून वाचलेल्यांपैकी आठवण शाबूत असलेली आता गावातली उशीमावशीच तेवढी उरली होती. साचियो तिच्याकडे धावली. म्हातारी कारली चिरत बसली होती.

"आज वाट चुकलीस वाटतं?"

"मावशी, आईला काहीच आठवत नाही. खरं काय ते तू सांग. हात जोडते."

"खरं? त्याला तुझ्या गुहेत गिऱ्हाईक मिळायचं नाही."

साचियो उठेना. शेवटी उशीनं सुरी खाली ठेवली.

"गाणं कसलं गं? घशात थुंकी नव्हती. पाणी संपलेलं, तुझी आई तेव्हा एवढीशी, तापानं फणफणलेली. हात्सु म्हणाली, धाकटीला घेऊन मी शरण जाते. काठीला पांढरं फडकं बांधलं. आपलाच सैनिक म्हणाला, बाहेर पडलीस तर गोळी घालीन. ती बाहेर पडली. त्यानं घातली. पाठीत. कामेचा हात तिच्या हातात होता."

"मग इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?"

"बोललो होतो की. लोक म्हणाले, मेलेल्यांना कमीपणा येतो. मग तुझं गाणं आलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं." उशीचा आवाज चिरका झाला. "त्या पोरीला जगायचं होतं, साचियो. सैनिकानं तिचा जीव घेतला. तू तिची जगायची इच्छाही काढून घेतलीस."

साचियो तडक गावप्रमुखांकडे गेली, शिळेवरचं बदला म्हणाली. ते म्हणाले, "शिळा कोरून झाली, पाहुणे यायचे आहेत. आता कुठे उकरत बसतेस?"

स्मृतिदिनाच्या सभेत साचियो बोलायला उभी राहिली आणि उशीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. काही माणसं उठून गेली. गावप्रमुखांनी तोंड फिरवलं. हिला पुन्हा गुहेवर बोलवायचं नाही, असं शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. तेवढ्यात एका शाळकरी मुलीनं विचारलं, "ती बाहेर पोचली असती तर वाचली असती का?"

"हो," साचियो म्हणाली. "बाहेर पोचलेल्यांना अमेरिकनांनी पाणी पाजलं होतं."

मग ती पहिल्या रांगेत बसलेल्या आईसमोर गुडघे टेकून बसली. "आई, ऐकलंस ना? तुझी ताई तुला वाचवायला निघाली होती."

कामेनं तिचा हात थोपटला. "बिचारी," ती म्हणाली. "कुणाची गं मुलगी ती?"

वाचकहो, लढाया आपणही मिरवतो. मेलेल्यांच्या तोंडी आपल्याला आवडतील ते शब्द घालतो आणि त्यालाच आदर म्हणतो. खरं सांगायला उशीर केला, की ज्याला ते सांगायचं तो माणूसच उरत नाही. तरीही सांगावं. उद्या ज्यांना लढायला धाडायचं, ती पोरं आज समोर बसून आपली गोष्ट ऐकत असतात.