नाककाकांचं नाक

“काका, जरा हुंगून सांगा ना, यात काय आहे? लेबल पार उडून गेलंय.”

केमिस्ट पोरीने तपकिरी बाटली नाककाकांच्या पुढ्यात धरली. काका रॅकवर बाटल्या लावत होते. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“ठेव तिकडे कचऱ्याच्या ड्रमपाशी. लेबल नाही ती बाटली हुंगायची नाही, उघडायची नाही. नियम आहे.”

“अहो पण तुम्ही तर नेहमी...”

“नेहमीचं सोड. नियम म्हणजे नियम!”

पोरगी बाटली घेऊन गेली. जाता जाता दारात मावशी भेटल्या, फरशी पुसणाऱ्या. त्यांच्या कानाशी लागून ती म्हणाली, “काकांचं काहीतरी बिनसलंय हं. पूर्वी असे नव्हते.”

खरंच नव्हते. अहो, त्या अख्ख्या प्रयोगशाळेत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं ते काय उगीच? पगारपत्रकात होतं म्हणे कुठेतरी. बाकी सगळ्यांना ते नाककाका. बाटली चार हात लांब धरायची, तिच्या तोंडावरून हाताने हलकेच हवा ओढायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, “टोल्युइन. पण जुनं झालंय.” कधी चुकले नाहीत. स्टोअरमध्ये कुठल्या बाटलीचं झाकण सैल आहे ते दारातून सांगायचे. नवीन माणसं पैजा लावायची आणि हरायची, आणि हरलेल्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

चहावरून आठवलं. त्या जुन्या दिवसांत हा चहासुद्धा बीकरमध्ये व्हायचा. बर्नरवर बीकर, बीकरमध्ये चहा, आणि शेजारच्या जाळीवर कसलं ना कसलं आम्ल रटरटत असायचं! पिपेटची काचनळी तोंडाने ओढायचे. कुणाच्या जिभेवर काय आलं असेल याचा पत्ता नाही. पचकन थुंकायचं, चूळ भरायची, पुन्हा कामाला लागायचं. हातमोजे म्हणजे नवरदेवाचे चोचले. जंतूंच्या विभागात तर कहर. काचेच्या तबकड्यांवर जंतू वाढवलेले असायचे, आणि आमचे नाककाका झाकण किलकिलं करून नाक लावायचे. “हिला द्राक्षांचा वास येतोय, म्हणजे अमुक जंतू.” भिंगाखाली पाहावं तर तोच! तेव्हा नुकत्याच लागलेल्या बाई, ज्या आता प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत, त्या टाळ्या पिटायच्या आणि त्यांना ‘नाकोबा’ म्हणायच्या. सगळे तरुण होते. आपल्याला काही होत नाही असं वाटायचं वय ते.

मग हळूहळू शहाणपण आलं. पिपेटला रबरी फुगे आले, चष्मे आले, धूर ओढणारी कपाटं आली. तबकड्या काचेच्या बंद पेटीतच उघडायच्या असं ठरलं. बीकरमधला चहा बंद झाला तेव्हा काका दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. तरी नाकाचा मान मात्र राहिला. बाटलीला नाक लावणं बंद झालं तरी काकांना सवलत होती. ती कुणी दिली नव्हती, आपोआपच मिळाली होती.

आणि मग गेल्या वर्षी ताप आला. साधाच ताप. आठवडाभर अंथरुणात काढला आणि उठले ते कोरे. ताप गेला तो नाक घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी आहे, होईल कमी. एक दिवस स्वयंपाकघरात दूध करपून घर धुराने भरलं तरी हे तिथेच पेपर वाचत बसलेले. काकू बाहेरून धावत आल्या.

“अहो, नाक आहे की शोभेचं?”

काकांनी पेपर खाली ठेवला आणि नाकाला हात लावला. तेव्हा काकूंना कळलं. त्या रात्री दोघंही नीट जेवली नाहीत. डॉक्टरांनी दिव्याने नाकात पाहिलं आणि सांगितलं, तापाने नाकातले मज्जातंतू जळाले, शिवाय इतकी वर्षं नको ते हुंगलंय, आता आशा धरू नका.

“ऑफिसात सांगा,” काकू म्हणाल्या.

“सांगतो.”

“कधी?”

“सांगतो म्हटलं ना!”

नाही सांगितलं. कसं सांगणार? नाककाकांना नाक नाही, हे सांगायचं म्हणजे आपणच आपल्याला पुसून टाकायचं. निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. तेवढी निभावून नेऊ, असं त्यांनी ठरवलं आणि ते नियमांच्या आड दडले. कुणी बाटली आणली की नियम. तबकडी दाखवली की नियम. चष्मा घातला नाही म्हणून शिपायावर ओरडणं, मोजे घातले नाहीत म्हणून पोरीवर डोळे वटारणं. आणि गंमत बघा, याचं कौतुक व्हायला लागलं! बाईंनी भर बैठकीत सांगितलं, “काकांकडून शिका. सुरक्षितता म्हणजे काय ते यांना विचारा.” टाळ्या पडल्या. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो दिवस सोमवारचा. दोन दिवस बंद असलेलं स्टोअर काकांनी उघडलं. मागोमाग केमिस्ट पोरगी, नाक लाल, हातात रुमाल. तिला तिथल्याच टेबलावर हॉट प्लेट लावून एक द्रावण कोमट करायचं होतं, कारण आतली प्लेट बिघडली होती.

“काका, माझं नाक पार चोंदलंय. मला काही कळत नाहीये. तुम्ही बघा बरं, कसला वास येतोय का? इथे ईथर असतं, भस्सकन पेटतं ते, म्हणून विचारते.”

आता याला कुठला नियम सांगणार? खोलीत शिरल्यावर वास घेणं हाच तर नियम. काकांनी मान वर केली, डोळे मिटले, छातीभर हवा ओढली. आत गार हवा गेली. बस, हवा. महिनोन्महिने तीच गार हवा, आणि प्रत्येक वेळी ‘काही नाही’ म्हणून निभावलं होतं.

“काही नाही. लाव तू,” काका म्हणाले.

पोरीने प्लगची वायर उलगडली, भिंतीपाशी वाकली, प्लग खोचला आणि बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात दारातून मावशींचा आवाज आला.

“अगंबाई! काय भपकारा मारतोय इथे! डोकं गरगरतंय माझं! तुम्हाला येत नाही का वास?”

पोरीचं बोट बटणावरच थांबलं. तिने ते सावकाश उचललं. पोरगी हुशार, घाबरली पण चुकली नाही. “काका, बाहेर! कशालाच हात लावू नका, दिवासुद्धा नाही! चला बाहेर!” तिने काकांच्या दंडाला धरून ओढलंच. मग सगळी इमारत रिकामी केली, बाहेरच्या बाजूने खिडक्या उघडल्या. टेबलाखालच्या कपाटात ईथरच्या बाटलीचं झाकण तडकलं होतं आणि दोन दिवस वाफ जमिनीलगत साचत होती. एक ठिणगी पुरली असती.

आवारात बाकावर बसून पोरगी उलट काकांनाच म्हणत होती, “काका, तुम्हालापण सर्दी झालीय का? सांगायचं ना हो.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. काका उठले आणि तडक बाईंकडे गेले. बाई वडाच्या सावलीत उभ्या राहून फोनवर बोलत होत्या.

“बाई, मला वास येत नाही.”

“आत्ता?”

“वर्ष झालं.”

बाईंनी फोन खाली घेतला. आधी त्यांना कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

“वर्ष झालं? आणि त्या पोरीला तुम्ही लाव म्हणालात? तिचं बोट बटणावर होतं, काका! तिच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?”

“म्हणून तर आलो.”

“सांगितलं असतंत तर कुणी खाल्लं असतं का तुम्हाला?”

“नाक नसलेला नाककाका कुणाला हवा असतो, बाई? भीती वाटली. लाजही वाटली.” काकांनी स्टोअरची किल्ली त्यांच्यापुढे धरली. “मला लॅबमधून काढा. आज, आत्ता. मी पुन्हा ‘काही नाही’ म्हणेन, सवय लागलीय मला.”

बाईंनी किल्ली घेतली. मग म्हणाल्या, “उद्यापासून बाहेरच्या नोंदणीच्या टेबलावर बसा. लॅबच्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. नियम आहे.”

“हो.”

“नाकोबा,” त्या हळूच म्हणाल्या. कित्येक वर्षांत असं म्हटलं नव्हतं त्यांनी. “आपली जुनी लॅब कशी भरलेली असायची हो वासांनी! आठवते का?”

“टेबलं आठवतात. तुम्ही टाळ्या वाजवायच्यात ते आठवतं. वास नाही आठवत. खूप प्रयत्न करतो मी.”

बाईंनी तोंड फिरवलं.

तर काका नोंदणीच्या टेबलावर बसायला लागले. येणाऱ्या नमुन्यांवर नंबर घालायचे, शिक्का मारायचा. काच लावलेली खोली, पंखा, खुर्ची, सगळी सुखं. केमिस्ट पोरगी येता-जाता काचेवर टकटक करायची. मान हलवून काका पुन्हा कागदात डोकं घालायचे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले आणि सवयीने उंबऱ्याबाहेरच थांबले. लग्न झाल्यापासून रोज हेच. काकू दार उघडायच्या, पदर नाकाला लावायच्या आणि म्हणायच्या, “आत येऊ नका! आधी अंघोळ. सबंध लॅब अंगावर घेऊन आलात.” नव्या नवरीच्या दिवसांत त्या वासाने त्या रडल्या होत्या. पुढे पुढे भांडल्या. मग ते दारातलं बोलणंच होऊन बसलं, त्याशिवाय घरात शिरल्यासारखं वाटायचं नाही.

आज काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “आलात? या, चहा टाकते.”

काका हलले नाहीत. चपला पायातच.

“अंघोळ?” त्यांनी विचारलं.

“आता कशाला हवी...” काकू बोलता बोलता थांबल्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग दोन पावलं पुढे आल्या, त्यांच्या शर्टाच्या कॉलरशी नाक नेलं, आणि झटकन मागे सरून पदर नाकाला लावला.

“शी! काय हे! आत येऊ नका, आधी अंघोळ. सबंध लॅब घेऊन आलात अंगावर!”

दिवसभर कागदांवर शिक्के मारणाऱ्या माणसाच्या शर्टाला कसला आलाय लॅबचा वास! काकांना ते पुरतं कळत होतं. तरी त्यांनी चपला काढल्या. दोरीवरचा टॉवेल ओढला आणि खाली मान घालून मोरीत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला तरी काकू तिथेच दाराशी उभ्या होत्या, पदर अजून तोंडावरच. थोड्या वेळाने त्या नेहमीच्या आवाजात ओरडल्या, “नीट साबण लावा हो! नुसतं पाणी ओतून येऊ नका!”