मागचा दोर

नॉरीन ट्रेम्बाथच्या नवऱ्याचा सत्कार होणार होता आणि नॉरीनच्या घशाखाली सकाळपासून घास उतरत नव्हता. आनंदानं नव्हे, भीतीनं.

तीस-एक वर्षं झाली, हिवाळ्यातला एकेक शनिवार-रविवार दोघांनी येरिंगाच्या डोंगरावर काढला होता. लोक हौसेनं स्की करायला यायचे, आपटायचे, हातपाय मोडून घ्यायचे, आणि लाल जाकिटातली गस्तीची मंडळी त्यांना बर्फातून उचलून खाली आणायची. पगार नाही, गाडीचं पेट्रोलसुद्धा ज्याचं त्यानं घालायचं. नॉरीनची बहीण तोंडावर म्हणायची की लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्याच तर निदान उबदार जागी बसून भाजाव्यात. पण नवऱ्याला, क्लेमला, डोंगराचं वेड होतं. आठवडाभर गावातल्या लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करायच्या आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडी वर काढायची, हा त्याचा धर्म.

आणि आता, लोकांचे नळ दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला त्याचीच आठवण ठिबकायला लागली होती. ख्रिसमसला, तिकडच्या भर उन्हाळ्यात, पाव आणायला गेला तो घर विसरला. शेजाऱ्यानं हाताला धरून आणून सोडला. मग एके दिवशी चहाची किटली फ्रीजमध्ये सापडली. डॉक्टरनं त्या दुखण्याचं नाव सांगितलं आणि नॉरीननं ते नाव गिळून टाकलं. ना बहिणीला सांगितलं, ना गस्तीतल्या कुणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. कळलं असतं तर जाकीट उतरवायला लावलं असतं, आणि डोंगर ही एकच जागा उरली होती जिथं क्लेम अजून पुरता क्लेम होता. स्की पायात चढली की त्याच्या पायांना सगळं आठवायचं. जाकीट गेलं तर पाठोपाठ माणूसही जाईल, असं तिला वाटायचं.

आता कुणी म्हणेल, अशा माणसाच्या हाती जखमी माणूस सोपवायचा म्हणजे काय! नॉरीनला ते कळत नव्हतं थोडंच. सबंध हंगाम तिचा जीव टांगणीला लागला होता. क्लेम वर गेला की ती त्याच्या मागोमाग. पण नशीब बघा, यंदा अपघाताची हाक आली की दरवेळी दुसरंच कुणी जवळ असायचं. क्लेमच्या हातात जखमी माणसाची स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, आलीच नाही. देव पाठीशी आहे, असं ती मनात म्हणायची, आणि चर्चमध्ये न जाणाऱ्या बाईनं एवढं म्हणणं म्हणजे पुष्कळच झालं.

स्लेजचं काम दोघांचं. एक जण पुढे, दोन दांड्यांच्या मध्ये, उताराकडे तोंड करून. दुसरा मागे, स्लेजला बांधलेला दोर हातात घेऊन, म्हणजे ती वेड्यासारखी सुटू नये. पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही. नजर हटली की तोल गेलाच. म्हणून निघण्याआधी तो समोर बघतच विचारतो, "मागे तयार?" आणि मागचा म्हणतो, "तयार. दोर धरलाय." हे ऐकल्याशिवाय स्लेज जागची हलत नाही.

क्लेम कायम पुढे, नॉरीन कायम मागे. लग्नाआधीपासूनची ही रीत. पहिल्या दिवशी भयंकर धुकं होतं, गस्तीतली कुणी नवी मुलगी मागे दोर धरून उभी आहे एवढंच त्याला माहीत. पुढे लग्नाच्या जेवणात त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की हिचा आवाज मला आधी भेटला, तोंड दोन तासांनी, आणि तोवर निकाल लागून गेला होता. लोक हसले होते. नॉरीन लाजून लाल झाली होती.

खाली आणलेली माणसं आभार मानायची ती पुढच्याचे. फोटो पुढच्याचा, पेपरात नाव पुढच्याचं. नॉरीनला त्याचं कधी काही वाटलं नाही. बरं, अगदीच नाही असं नाही. एकदोनदा वाटलं होतं.

तर हंगामाच्या शेवटच्या शनिवारी जेवण, आणि जेवणात क्लेमचा सत्कार. सत्कार म्हटलं की भाषण आलं. नॉरीननं त्याच्यासाठी मोजून चार वाक्यं तयार केली होती. गाडीत वर येताना प्रत्येक वळणावर ती त्याच्याकडून म्हणवून घेत होती. आधी आभार, मग डोंगर, मग दोस्तमंडळी, मग शुभरात्री. बर्फ लागेपर्यंत त्याला सगळं पाठ झालं आणि त्यानं विचारलं, हे भाषण आहे की कुणाच्या मर्तिकातली प्रार्थना? तेव्हा ती हसली, पण सकाळी त्यानं तिला आयव्ही म्हणून हाक मारली होती. आयव्ही त्याची बहीण, जाऊन बरीच वर्षं झालेली. नॉरीननं ओ दिली होती.

जेवणाला सगळी गस्त जमली. भाजलेलं मेंढीचं मटण, भोपळा, पुदिन्याची चटणी, शेवटी गोडाला क्रीम आणि पॅशनफ्रूट घातलेली पावलोव्हा. स्टेज म्हणजे बिअरच्या क्रेटवर टाकलेल्या फळ्या. दरवर्षीप्रमाणे आधी टिंगलीची बक्षिसं झाली. एक जण किल्ली आत विसरून गस्तीच्या खोलीबाहेर अडकला होता, त्याला चॉकलेटची किल्ली मिळाली. लोक खिदळत होते आणि क्लेमही खिदळत होता. नॉरीन टेबलाखाली त्याचा गुडघा धरून बसली होती.

मग मार्गिट उठली. मार्गिट गस्तीची प्रमुख. तिचा बाप ऑस्ट्रियाहून आलेला स्कीशिक्षक, आणि हिच्या जिभेला हाड नाही. नॉरीन सगळ्यात जास्त भीत होती ती हिलाच. मार्गिट म्हणाली की क्लेमबद्दल चांगलं बोलायला तिला दोन दिवस विचार करावा लागला, आणि वाईट बोलायचं तर अख्खा आठवडा पुरला नसता. मग तिचा आवाज जरा बदलला. या माणसानं डोंगरावरून जेवढे लोक खाली आणले तेवढ्यांचं एक गाव वसेल, असं ती म्हणाली आणि तिनं त्याला वर बोलावलं.

गस्तीचा मानाचा सत्कार म्हणजे काय, तर स्नो गम नावाच्या डोंगरी झाडाच्या लाकडाची एक फळी आणि तिच्यावर बसवलेला जुन्या स्लेजच्या दोराचा तुकडा. तो क्लेमच्या हातात आला. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या. क्लेमनं माइककडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, मग हातातल्या दोराकडे पाहिलं.

आभार, नॉरीन मनात म्हणत होती. आधी आभार.

क्लेमनं काय करावं? त्यानं फळी काखेत मारली आणि सगळ्या हॉलकडे पाठ फिरवली. पाय रोवले, गुडघे किंचित वाकवले, दोन्ही हात कमरेपाशी खाली आणून मुठी आवळल्या, तिथं दांड्या असाव्यात तशा. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत मोठ्यानं विचारलं, "मागे तयार?"

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. क्लेमची काहीतरी मस्करी असेल असं वाटून. मग तेही थांबलं. क्लेम तसाच उभा. उत्तर आल्याशिवाय पुढचा हलत नाही.

नॉरीन उभी राहिली. तोंड उघडलं. तीस वर्षं ज्या शब्दांनी तिला कधी दगा दिला नाही तेच नेमके अडकले. संपलं, असं तिला वाटलं. आता सगळ्यांना कळणार, सगळ्यांसमोर कळणार, आणि त्याची ती ताठ पाठ सगळे बघत राहणार.

"मागे तयार," मार्गिट म्हणाली. जागेवरूनच, रोजच्या कामाच्या आवाजात. "दोर धरलाय, क्लेम."

क्लेमचे खांदे सैल झाले. "मग सावकाश चला रे," तो म्हणाला. वळला, फळ्यांवरून जपून उतरला आणि टेबलांमधून वाट काढत सरळ नॉरीनपाशी आला. काखेतली फळी काढून त्यानं तिच्या हातात दिली.

"धर. हा तुझा आहे. दोर नेहमी तूच धरतेस."

एवढंच त्याचं भाषण झालं. टाळ्या वाजल्या, आधी बिचकत आणि मग हॉल दणाणेपर्यंत. नॉरीन फळी उराशी धरून रडली, आणि लपवायला रुमालही सापडेना.

मागाहून भांडी धुताना मार्गिट शेजारी येऊन पुसायला लागली. कधीपासून माहीत होतं, असं नॉरीननं विचारलं. जुलैपासून, म्हणजे ऐन थंडीपासून, मार्गिट म्हणाली. कड्यावर ती आणि क्लेम उभे असताना त्यानं तिला खाली जायची वाट विचारली होती, आणि तिनं दाखवल्यावर अगदी अदबीनं आभार मानले होते.

"क्लेमनं माझे आभार मानले, नॉरीन. इतक्या वर्षांत कधी मानले नव्हते. तेव्हाच मी ओळखलं."

मग सगळं बाहेर आलं. अपघाताच्या हाकेला दरवेळी दुसरंच कुणी जवळ असायचं, ते नशीब नव्हतं. मार्गिटनं तशी माणसं उभी केली होती. नॉरीनला खालच्या कामाला पाठवलं की क्लेमच्या मागे कुणी ना कुणी सहज म्हणून स्की करत असायचं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच! अख्ख्या गस्तीला दिसत होतं, आणि नॉरीन आपली टोपली दाबून बसली होती.

ती चिडली. मग मला का नाही सांगितलं, असं म्हणाली. तू सांगशील म्हणून थांबलो, मार्गिट म्हणाली. नॉरीननं पुढचं ताट धुऊन तिच्या हातात दिलं. कितीतरी महिन्यांनी तिला पुरता श्वास घेता आला.

"पुढच्या वर्षी तो गस्तीवर नसेल," मार्गिट म्हणाली. "गोड बोलून तुला फसवणार नाही. जाकीट त्याचं त्याच्याकडेच राहील. खालच्या खोलीत कोको ढवळायला येऊ दे, माझ्यावर ओरडायला येऊ दे. आणि उद्या शेवटची स्लेज खाली आणायची आहे, रिकामी. ती तुम्ही दोघं आणा. मी बाजूला आहेच."

रविवारी दुपारी बर्फ मऊ पडलं होतं. शेवटची स्लेज ‘पाद्री’ नावाच्या उतरणीवरून येते. तिथं उभं राहिलं की नास्तिकालाही देव आठवतो, म्हणून ते नाव. क्लेम सवयीनं दांड्यांकडे निघाला. नॉरीन त्याच्या आधी जाऊन मध्ये उभी राहिली आणि आज पुढे मी, असं म्हणाली. तो कुरकुरला. बायका पुढे गेल्या की स्लेज वाकडी जाते, असलं काहीतरी पुटपुटला. मार्गिटनं दोर त्याच्या हातात दिला आणि दोन हातांवर जाऊन उभी राहिली.

समोर नुसता उतार. दांड्या हातांना गार लागत होत्या. आपल्या मागे काय आहे हे तिला दिसत नव्हतं, दिसणारही नव्हतं. इतकी वर्षं तो असा उभा राहायचा, आणि मागचा आवाज सोडला तर त्याच्यापाशी दुसरं काही नसायचं.

"मागे तयार?" तिनं विचारलं.

उत्तर आलं नाही. मार्गिटची स्की करकरली, पण तीही बोलली नाही. नॉरीनच्या मानेला वळून बघायची अनावर ओढ लागली. तिनं समोरच बघत राहायचं ठरवलं आणि थांबली. आणखी थांबली.

"केव्हाचा तयार आहे," मागून आवाज आला, जरा वैतागलेला. "दोर धरलाय, नॉर. जा तू."

आणि ती निघाली.