पाडायचं घर

गवंड्याने बांधलेलं घर पडलं नाही, आणि त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली.

तो ज्या प्रयोगशाळेत कामाला होता तिथे एक भलामोठा लोखंडी मंच होता, भूकंपासारखा हलणारा. तिथली माणसं त्याला लाडाने पाळणा म्हणत. पाळण्यावर अर्ध्या मापाची घरं बांधायची आणि मग ती हलवून बघायची, असा सगळा उद्योग. बांधणारा गवंडी, हलवणाऱ्या तिथल्या इंजिनीअर मॅडम. या खेपेला घरं दोन होती. एक बळकट, म्हणजे खिडक्यांच्या खालून आणि वरून घरभर फिरणारे काँक्रीटचे पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या असलेलं. दुसरं साधं, कुठल्याही गल्लीत असतं तसं. साधं घर पडायचं आणि बळकट उभं राहायचं, हे नगरपालिकेच्या लोकांना डोळ्यांनी दाखवलं की वस्तीतली जुनी घरं मजबूत करायची योजना मंजूर होणार होती.

पाळणा हलला. बळकट घर उभं राहिलं. साधं घरही उभं राहिलं. चार भेगा मिरवत ते पाहुण्यांसमोर निर्लज्जासारखं उभंच. "मग ते पट्टे हवेत कशाला?" असं विचारून पाहुणे चहा पिऊन निघून गेले.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "विटा भिजवल्या होत्या तुम्ही?"

"न भिजवता कशा लावायच्या? कोरडी वीट सिमेंटच्या मालातलं पाणी पिते, मग माल धरत नाही."

"आणि कोपरे?"

"दोन्ही भिंती बरोबरच वर आणल्या. थरावर थर, एकमेकींत गुंतवून."

"अहो, मी साधं घर सांगितलं होतं."

"साधंच आहे ते," गवंडी म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. पाळणा आणखी जोरात हलवता आला असता तर हेही पडलं असतं, त्याला पट्टे लागतातच. पण बाहेर लोक ज्या घरांत राहतात ती इतकी निगुतीने बांधलेली नसतात. मॅडमना पाडायचं घर हवं होतं.

गवंडी कामाला लागला. कोरडी वीट उचलली की हात आपसूक पाण्याच्या पिंपाकडे वळे. विटांच्या सांध्यावर सांधा आला, म्हणजे भिंत कच्ची राहणार, की थापी थबके. संध्याकाळी बघावं तर भिंत ओळंब्यात सरळ, आणि हा घामाघूम. वाईट काम करायलाही अंगात काहीतरी असावं लागतं, आणि ते याच्याकडे नव्हतं.

हे हात त्याचे नव्हतेच मुळी. ते त्याच्या सासऱ्यांनी घडवले होते. गवंडी पोरका. काम मागत त्यांच्या दारात गेला तेव्हा त्याला विटांचा ढीग रचता येत नव्हता. त्या माणसाने त्याला जेवू घातलं, ओरडून ओरडून शिकवलं, चुकलेली भिंत त्याच्याच हाताने उतरवायला लावली. मुलगी दिली ती पुढे, आधी थापी दिली. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गवंडी रोज कामाला हात घालण्याआधी त्यांची आठवण काढी. आपण दोन वेळा जेवतो, रात्री शांत झोपतो, घरात हसणारी बायको आहे, हे सगळं त्यांचं देणं आहे असं तो मानत असे, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

आता गंमत अशी, की त्याच सासऱ्यांचा सख्खा मुलगाही गवंडीच होता आणि त्याला सगळे झटपट म्हणत. नाव कशावरून पडलं हे सांगायला नको. बापाची ओरड त्याला मानवली नाही. बाहेर पडला, स्वतःची कामं घेऊ लागला. आळशी मुळीच नव्हता, उलट दोन माणसांचं काम एकटा उरकायचा. स्वभावाने लोण्यासारखा, आईला फुलासारखं जपणारा. त्याने स्वतःचं घर स्वतःच बांधलं, तेही झटपट. वर जड स्लॅब घातला. मागच्या खोलीत कोपऱ्याला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. दरवर्षी तो तिच्यात पुट्टी भरून रंग मारायचा. त्याच खोलीत त्याची आई आणि दोन्ही मुली झोपत.

गवंड्याच्या जिवाला घोर होता तो या खोलीचा. ज्या माणसाने आपल्याला उभं केलं त्याची बायको आणि नाती त्या स्लॅबखाली झोपतात, आणि आपण इथे पगार घेऊन खोटी घरं वाचवतो. त्याने कितीदा तरी विषय काढला होता. झटपटचं उत्तर ठरलेलं. "दाजी, त्या पाळण्याच्या नादाने तुम्ही घाबरट झालात. माझं घर इतकी वर्षं उभं आहे ना?"

पाडायचं घर काही आपल्या हातून होत नाही, ही अडचण गवंड्याने बायकोला सांगितली तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पडणारं घर हवंय ना? मग माझ्या भावाला बोलवा."

ती बोलली थट्टेने. पण बोलता बोलता तिने भाजी बाजूला सारली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "बोलवा. पण घर हलवणार आहोत हे आधी सांगा. फसवायचं नाही." गवंड्याने झटपटला सगळं स्पष्ट सांगितलं. तुझ्या नेहमीच्या पद्धतीने बांध, आम्ही ते हलवणार, पडलं तर लोकांसमोर पडेल.

"हलवा की," झटपट हसला. "तुमचं उभं राहिलं, मग माझं का पडेल?"

तो आला, इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावला आणि भिडला. विटा कोरड्या. सकाळी कालवलेला माल दुपारी आळला, की त्यात तांब्याभर पाणी. आधी एक भिंत पुरती वर नेली, मग दुसरी आणून तिला नुसती टेकवली. मधल्या फटीत विटांचे तुकडे. वरून गिलावा मात्र असा सुबक, की बघत राहावं. गवंडी हात पाठीमागे बांधून उभा होता. हे घर पडलं तर बायकोच्या भावाची चारचौघांत शोभा. नाही पडलं तर तो निर्धास्तपणे घरी जाऊन त्याच स्लॅबखाली आईचं अंथरूण घालणार. देवाकडे काय मागावं हे त्याला कळेना. शेवटी त्याने पडावं असंच मागितलं, आणि ते मागताना त्याला रडू आलं.

माल पुरता वाळल्यावर पाहुणे पुन्हा जमले. झटपट पहिल्या रांगेत उभा राहिला. मॅडमनी खूण केली. पाळणा आधी हळू हलला, मग जोरात. झटपटच्या घराचा कोपरा वरून खाली दरवाजासारखा उघडला, एक भिंत बाहेर गेली आणि स्लॅब सरळ खाली बसला. धूळ उडाली. शेजारचं पट्टेवालं घर हलत होतं, पण जागेवर होतं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बरोबरच होतं, प्रयोग यशस्वी झाला होता. मॅडमचं लक्ष मात्र झटपटकडे होतं. त्यांनी पाहुण्यांना लगेच बाहेर नेलं.

झटपट ढिगाऱ्यापाशी जाऊन बसला. त्याने एक वीट उचलली, उलटीपालटी केली. तिला माल चिकटलेलाच नव्हता, भट्टीतून आत्ताच आल्यासारखी स्वच्छ. दुसरी उचलली, तीही तशीच. गवंडी त्याच्या शेजारी टेकला.

"मागची खोली मी अशीच बांधलीय," झटपट म्हणाला.

"माहीत आहे मला."

"तुम्ही सांगत होता. बाबा पण सांगायचे."

"सगळं पाडायला नको," गवंडी म्हणाला. "स्लॅबला आधी टेकू देऊ. कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी जाळी मारू, भिंती एकमेकींना बांधू, बाहेरून पट्टा फिरवू. मॅडम बघायला येतील. मी आहे ना."

झटपटने हातातली वीट खाली ठेवली. मग म्हणाला, "दाजी, तुम्ही मला इथे बोलावलंत, फार उपकार झाले." एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. ज्याचं देणं द्यायचं होतं त्याच्याच मुलाने आपले आभार मानावेत, हे गवंड्याला पेलवत नव्हतं. त्याने नुसता झटपटच्या पाठीवर हात ठेवला.

झटपटने खिशातून फोन काढला. धुळीने माखलेल्या बोटांनी आईचा नंबर लावला.

"आई, पोरींना घे आणि ताईकडे जा. आत्ताच. हो, काही दिवस तिकडेच राहायचं."

पलीकडचं बोलणं गवंड्यालाही ऐकू येत होतं. "का रे? काय झालं?"

"घर पडलं."

"कुणाचं?"

"माझंच. मी बांधलेलं."

सासूबाईंचा आवाज चिरकला. "कुणाला लागलं का रे?"

झटपटने समोरच्या स्लॅबकडे पाहिलं. "नाही आई," तो म्हणाला. "आत कुणीच नव्हतं." आणि फोन कानाला तसाच धरून तो मोठ्याने रडू लागला.