माझ्या नाकावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. आगगाडीचं नव्हे, आणि विमानाचं तर मुळीच नव्हे. मुंबईजवळच्या मढ गावातल्या एका होडीच्या मागच्या फळीवर, पंखा पाण्यात आणि डोकं वर, असा मी बसलेला असतो. दोरी ओढली की मी सुरू होतो. निदान व्हावं, अशी लोकांची अपेक्षा असते.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला पांढरा रंग दिला आणि छातीवर परक्या भाषेत काहीतरी लिहिलं. मढच्या खाऱ्या हवेने ते नाव लवकरच खाऊन टाकलं. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण इथे सगळे मला 'हरेश्वरचं मशीन' म्हणूनच ओळखत. ते साल चौऱ्याऐंशी होतं. गावात माझ्यासारख्या इंजिनाच्या होड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि हरेश्वर मिशीला पीळ देत माझ्याशेजारी असा उभा राही, की जणू त्यानेच मला घडवलं आहे.

खरी काळजी घेतली ती त्याच्या बायकोने, कृष्णाबाईने. समुद्रावरून आलो की ती मला गोड्या पाण्याने आंघोळ घाली. खारं पाणी आत राहिलं की आम्हा इंजिनांना गंज चढतो. गावात नळाचं पाणी जेमतेम यायचं, पण माझी बादली आधी भरायची.

"मना तांब्याभर, आन याला बादलीभर," हरेश्वर कुरकुरे.

"तो तुला रोज घरी आणतो," ती म्हणे. मग हरेश्वरच ती बादली उचलून आणी.

मग नारळी पौर्णिमा आली. कृष्णाबाईने मला पुसलं, झेंडूचा हार घातला आणि कुंकवाची कोयरी उघडली. कुंकू कपाळावर लावतात. पण माझं कपाळ कुठे? तिने मला दोनदा चहूबाजूंनी न्याहाळलं आणि माथ्यावरचं गोल झाकण हेच कपाळ, असं ठरवून टाकलं. खोबरेल तेलात कालवलेलं घट्ट कुंकू तिने त्याच्या मधोमध अंगठ्याने थापलं.

मित्रांनो, ते माझं कपाळ नव्हतं. ते माझं नाक होतं.

त्या झाकणाखाली पेट्रोलची टाकी असते. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तेवढी हवा आत यावी लागते, म्हणून झाकणाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल अडून बसतं. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून पाहा, म्हणजे माझं दुःख कळेल.

दुसऱ्याच दिवशी मी ऐटीत सुरू झालो आणि थोडं अंतर गेल्यावर धाप लागून बंद पडलो. हरेश्वरने दोरी ओढून ओढून खांदा सुजवून घेतला. संध्याकाळी कृष्णाबाईने निदान केलं, "याला दृष्ट लागलीय." तिने मीठमिरच्या ओवाळल्या आणि उपाय म्हणून कुंकवाचा आणखी एक थर दिला. पुढे हा क्रमच पडला. मी बंद पडलो की कुंकू, आणि कुंकू लागलं की मी बंद. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण 'फट् फट्'पलीकडे मला भाषा येत नाही, आणि तीही तेव्हा धड येत नव्हती.

शेवटी अंधेरीहून रतन मेकॅनिकला बोलावलं. त्याचा हात स्कूटरवर बसलेला होता आणि माझ्याकडे तो भलत्याच जागी ठेवलेली स्कूटर म्हणूनच बघे. आल्या आल्या तो विचारायचा, "पेट्रोल आहे ना?" आणि झाकण उघडायचा. फुस्स करून माझ्या पोटात हवा शिरायची. मग तो झाकण लावून प्लग साफ करायचा, दोरी ओढायचा, आणि मी पहिल्या झटक्यात सुरू.

"प्लग होता, काका."

"मागल्या टायमाला कार्बोरेटर बोललास."

"तेव्हा तो होता. आता प्लग."

डॉक्टरसमोर गेलं की ताप उतरतो ना, तशी माझी गत झाली होती. रतन बसमध्ये बसतो न बसतो तोच मी पुन्हा आडवा.

याच काळात हरेश्वरच्या मुलीचं, शेवंतीचं लग्न ठरलं. मुलगा खाडीपलीकडच्या वेसाव्याचा. साखरपुड्याला निघालेली आमची होडी भर खाडीत बंद पडली, आणि मुलाच्या बापाने, भिकाजीने, स्वतःच्या होडीला बांधून आम्हाला ओढून नेलं. तो हसत म्हणाला, "व्याही, लग्नाला आमचीच होडी धाडतो. पोर टायमावर तरी येल."

हरेश्वरच्या मिशीची टोकं थरथरली. "माझी पोर माझ्याच मशीनवर येल. नाय आली तर हे मशीन याच खाडीत बुडवीन."

सगळे हसले. मी हसलो नाही. हरेश्वर बोललेला शब्द मागे घेत नाही, हे मला ठाऊक होतं.

लग्नाच्या सकाळी कृष्णाबाईने मला नवा हार घातला आणि शुभकार्य म्हणून कुंकवाचा भलामोठा गोळाच झाकणावर बसवला. हरेश्वरने त्यावर कडी केली. "माझा मशीनवर इस्वास हाय," असं सगळ्यांना ऐकवून त्याने वल्ही घरीच ठेवली.

होडी निघाली. पुढे बँडवाले, मधे वऱ्हाड, मागे माझ्याजवळ शेवंती आणि तिची आई. खाडीच्या मध्यावर मला धाप लागली. दोन आचके दिले आणि थांबलो.

ओहोटी सुरू झाली होती. होडी हळूहळू उघड्या समुद्राकडे सरकू लागली. बँडवाल्यांना कोणी थांबा म्हणालं नाही, म्हणून ते वाजवतच राहिले. पलीकडे वेसाव्याच्या किनाऱ्यावर भिकाजीच्या माणसांना वाटलं, वऱ्हाड हौसेने खाडीत नाचतंय, आणि त्यांनीही हात वर करून ताल धरला.

हरेश्वर दोरी ओढत होता. त्याचा फेटा सुटला, घाम मिशीवरून गळू लागला. शेवटी तो मटकन खाली बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "शेवंते, तुझ्या बापसाची आज लाज गेली गो." मला त्या क्षणी खाडीच्या तळाची भीती वाटली नाही. हरेश्वरचीच दया आली.

कृष्णाबाई मात्र उठली ती रागाने. "एवढी आंघोळ घातली, एवढा मान दिला, आन आज माझ्या पोरीच्या लग्नात असा करतंस? नाय लावायचा तुला कुंकू. हा बग उतरवला." आणि तिने बांगडीच्या कडेने झाकणावरचे थर खरडायला सुरुवात केली. पौर्णिमेपासूनचं कुंकू खपल्यांनी निघू लागलं. शेवटची खपली उडाली आणि आवाज आला, स्स्स.

कृष्णाबाई दचकून मागे सरकली. शेवंती मात्र वाकून बघू लागली. "आये, बग. भोक हाय इथं. याचा श्वास कोंडला होता." तिने खोप्यातला आकडा उपसला आणि त्या भोकात घालून फिरवला. मला असा मोकळा श्वास आला, की काय सांगू. "आता ओढ, बाबा."

हरेश्वरने एकदाच दोरी ओढली.

वेसाव्याला भिकाजीने विचारलं, "मधेच काय झाला होता?"

"काय नाय," हरेश्वर फेटा सावरत म्हणाला. "पोरीला जरा माहेर बघायचा होता." कृष्णाबाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. शेवंती बोहल्यावर उभी राहिली ती एका बाजूने सुटलेला खोपा घेऊन.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. तुमच्या घरी सायकल असेल, शिलाई मशीन असेल, पंखा असेल. त्यांना हार घाला, कुंकूही लावा, नटायला आम्हालाही आवडतं. पण आधी त्यांचं नाक कुठे आहे, ते बघून घ्या.

माझं कुंकू आता खाली, छातीवर लागतं. झाकणाशेजारी सुतळीला शेवंतीचा तो आकडा बांधलेला आहे. कृष्णाबाई रोज सकाळी तो भोकात घालून फिरवते. भोक तर कधीचंच साफ झालेलं असतं. तरी ती आकडा बराच वेळ हातात धरून वेसाव्याकडे बघत बसते, आणि मीही सुरू व्हायची घाई करत नाही.