गाळलेलं वाक्य

आमच्या गावात राजा मेघवर्म्याचं नाटक दर चैत्रात होतं, आणि दर चैत्रात मला त्याचा राग येतो. गाव देऊळघाटाच्या थोडं अलीकडे. जत्रेच्या दुपारी मारुतीच्या पारापुढे मांडव पडतो आणि दिवस मावळायच्या आत नाटक संपवायचं, अशी रीत आहे. अख्ख्या गावाला ते तोंडपाठ. नट कुठे अडखळला तर पुढे बसलेल्या म्हाताऱ्याच त्याला शब्द पुरवतात.

गोष्ट साधी आहे. मेघवर्म्याच्या घरी थोरली सून येते. ज्योतिषी म्हणतो, ही घराला भोवणार. मग राजा धाकट्या राजपुत्राला पुराच्या नदीपलीकडचा किल्ला घ्यायला धाडतो. राजपुत्र बुडतो. राजा सुनेला राज्याबाहेर काढतो, शत्रू येतो, सिंहासन जातं, आणि शेवटी राजा एकटा उभा राहून म्हणतो, "दैवापुढे कोणाचे काय चालते." इथे पुरुषसुद्धा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतात.

सुनेला काढतात तेव्हा ती पारावरून उतरून बायकांच्या मधून वेशीबाहेर जाते. सुनेचं काम पुंजाजी माळी करतो. तो पदर डोक्यावर घेऊन चालू लागला की बायका कडाकडा बोटं मोडतात आणि त्याच्या पाठीवर मूठमूठ माती टाकतात. वर्षाची इडापीडा म्हणे तिच्याबरोबर जाते. पुरात पोराला धाडलं बापानं आणि माती सुनेच्या पाठीवर. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय? लहानपणी मी हे आईला विचारलं तर थोबाडीत बसली. पुढे माझे यजमान लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तापानं गेले आणि लोकांनी माझ्याही पायांचा रंग तपासला. तेव्हापासून मी हळू विचारायचं सोडून दिलं. शिकले, मास्तरीण झाले, भावाकडे राहू लागले. शाळेच्या पाटीवर जिल्हा परिषद असं नवं नाव रंगवलं त्या वर्षीची ही हकीकत आहे.

माझा भाऊ हिंमतराव पाटील मेघवर्मा करतो. करतो कसला, जगतो. उंचापुरा माणूस, भरदार आवाज, आणि घरातही सिंहासनावरून बोलल्यासारखाच बोलतो. त्या वर्षी मार्गशीर्षात त्याच्या थोरल्या अर्जुनाचं लग्न झालं. सून अन्नपूर्णा दुसरबीडची. माघात शेतातल्या नव्या विहिरीत सुरुंगाचा स्फोट होऊन धाकटा भगवान गेला. वीस वर्षांचा पोर होता. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. अन्नपूर्णा त्या दिवशी भाकरी घेऊन शेतात गेली होती आणि विहिरीच्या काठावर उभी होती. तेवढं गावाला पुरलं. नव्या नवरीचा पाय विहिरीवर पडला, पांढऱ्या पायाची आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला. तेराव्याला हिंमतराव स्वतः चार लोकांत तेच बोलला. जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी तिच्या बापानं येऊन तिला कायमची घेऊन जायचं ठरलं. अर्जुन खाली मान घालून बसला होता. बापापुढे त्याला तोंड नव्हतंच.

जत्रेच्या आधी दुपारी ओसरीवर भाऊ तालीम करायचा. बाकीच्यांची वाक्यं मी म्हणायची, हे आमचं जुनं. ज्योतिष्याचा प्रवेश झाला आणि भाऊ एकदम राजपुत्र बुडाल्याच्या विलापावर गेला.

"एक वाक्य राह्यलं, भाऊ," मी म्हटलं.

"कोणतं?"

"राजपुत्रास आजच उतरू द्या. थांबण्यास आम्हांस सवड नाही."

"त्या वाक्यात काय ठेवलं? त्याच्यावाचून काही अडत नाही."

"अडते कसं नाही? मंग तो बुडला कसा?"

"नशिबानं."

"नशीब का त्याच्या कानात येऊन बोललं, जाय म्हणून? तू राजाचं काम करतं, भाऊ. नशीब करून दाखवता येते का तुले? राजा जवा पोराले धाडते, तवा त्याच्या मनात काय असते थे सांग. घाई असते, का लोभ असते, का हट्ट?"

भाऊ उठला. "तू शाळेतल्या पोरीईले शिकव," म्हणाला आणि पायात वहाणा सरकवून निघून गेला.

दारात अन्नपूर्णा चहाची कपबशी घेऊन उभी होती. मी कप काढून घेतला आणि तिला खाली बसवलं.

"आत्याबाई, सुरुंगाचा एक बार उडाला नव्हता," ती म्हणाली. "गडी म्हणे, उद्यापर्यंत कोणी उतराचं नाही. मामाजी म्हणाले, एका दिवसाची मजुरी फुकट जाते. कोणीच उतरेना, तवा त्याहीनं भगवानभाऊजीले म्हटलं, तू उतर. भाऊजी माह्याकडे पाहून हासले आन् उतरले."

भाऊ माझ्याच ताटात जेवून मोठा झालेला. त्याचा राग आला, आणि त्याची कीवही आली, आणि कीव आली म्हणून माझाच जास्त राग आला.

"गडी काऊन नाही बोलले?"

"त्याहीले विहिरीवर काम पाहिजे."

"मंग मी बोलतो. आज चावडीवरच जातो."

"नका जाऊ." तिनं माझा हात धरला. "लोक म्हणतीन, सून आपली सुटका करून घ्याले सासऱ्यावर ढकलते. तुमचं कोण आयकन? मले तं पहिलेच पांढऱ्या पायाची म्हणतेत. हे त्याहीच्याच तोंडून आलं पाहिजे."

"त्याच्या तोंडून? तो मेला तरी बोलाचा नाही."

ती उठली. कपबशी उचलून आत गेली.

जत्रेच्या दुपारी आम्ही दोघी बायकांच्या बाजूला, अगदी वाटेलगत बसलो. आजूबाजूच्या बायका तिच्याकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. कित्येकींच्या पदरात मातीची पुरचुंडी बांधलेली होती. भाऊ पारावर आला तेव्हा खरंच राजा दिसला. ज्योतिष्याचा प्रवेश झाला. भाऊनं सेनापती झालेल्या नटाकडे पाहिलं आणि ते वाक्य टाकून थेट विलाप सुरू केला. पुढच्या म्हाताऱ्या चुळबुळल्या. सोजराबाई हळूच म्हणाली, "राह्यलं त्याचं." दुसरी म्हणाली, "जाऊ दे वं, पोरगं गेलं बिचाऱ्याचं." विलाप ऐकून साऱ्या बायका रडल्या. मी रडले नाही.

मग पुंजाजी पदर ओढून खाली उतरला. बायकांनी पुरचुंड्या सोडल्या. तो आमच्याजवळ आला आणि अन्नपूर्णा उठून वाटेत उभी राहिली.

"बाई, वाट दे," पुंजाजी पदराआडून म्हणाला.

"नाही देत."

बाईमाणसानं चालू नाटकात उभं राहणं आमच्या गावानं पाहिलं नव्हतं. अर्जुन पुरुषांच्या बाजूनं अर्धा उठला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिथेच खाली बसला. अन्नपूर्णानं पारावरच्या राजाकडे तोंड केलं. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मामाजी, एक वाक्य राह्यलं. राजपुत्र नदीत काऊन उतरला, थे सांगतलं नाही. थे सांगा, मंग मी वाट देतो."

"खाली बस," भाऊ म्हणाला.

"बसतो. वाक्य म्हणा."

सोजराबाईला विहिरीचं काही ठाऊक नव्हतं. तिला नाटक ठाऊक होतं, आणि नाटक बिघडलेलं तिला खपत नसे. ती म्हणाली, "पोरगी खरं बोलून राह्यली, हिंमतराव. राह्यलं तुमचं थे. म्हणून टाका." मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. पुरुषांतूनही आवाज आले, "म्हणा हो पाटील, नाटक पुरं होऊ द्या." विहिरीवरचे गडी मात्र गप्प होते. ते मांडवाच्या खांबाशी माना खाली घालून उभे होते.

भाऊनं आमच्या बाजूला पाहिलं. मी नजर काढली नाही. तुझी बहीण आहे म्हणून आज सोडणार नाही, हे त्याला माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"राजपुत्रास," तो म्हणाला. थांबला. "राजपुत्रास आजच उतरू द्या. थांबण्यास आम्हांस..."

पुढचे शब्द त्याला येईनात. म्हाताऱ्यांनी शब्द पुरवला, "सवड नाही." तो पुन्हा म्हणाला, "आजच उतरू द्या." मग मुकुट डोक्यावर असतानाच तो मटकन खाली बसला आणि राजाची भाषा त्याच्या तोंडातून गेली.

"एका दिवसाची मजुरी जात होती," तो म्हणाला. "गडी नाही म्हणत होते. मीच म्हटलं त्याले, उतर."

खांबाजवळच्या गड्यांपैकी एकानं डोक्यावरचं पागोटं काढलं. सोजराबाईला थोडा वेळ लागला, पण समजलं तेव्हा तिनं मुठीतली माती जागच्या जागी खाली सोडली. मग बाकीच्यांनी सोडली.

पुंजाजी अजून वाटेतच उभा होता. त्यानं डोक्यावरचा पदर मागे सारला. दाढीचे खुंट आणि कपाळावरचं कुंकू, दोन्ही घामानं भिजलेलं.

"मंग म्या काऊन जाऊ?" तो म्हणाला आणि लुगड्याचा घोळ आवरून बायकांतच मांडी घालून बसला. त्या वर्षी सून वेशीबाहेर गेली नाही. दैवाचं वाक्य म्हणायलाही कोणी उरलं नाही.

भावाला मी हाताला धरून घरी आणलं. तो माझा भाऊ आहे, आणि त्याचा मुलगा गेला आहे, हेही खरंच होतं. पण त्याची समजूत मी घातली नाही. ओसरीवर तो बराच वेळ भिंतीला टेकून बसला. अन्नपूर्णानं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. अर्जुन दारात येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. उशिरा आला, पण आला.

भाऊनं मान वर न करताच विचारलं, "उद्या तुहा बाप येईन. जाऊ नको म्हटलं तं राह्यशील का पोरी?"

"मी कुठं जाऊन राह्यली होती, मामाजी?" ती म्हणाली. "तुम्हीच धाडून राह्यले होते."